म्हैस कुणाच्या मागे जाते

आमच्या मंगळवार पेठेत सध्या माणसं कमी आणि नेतृत्वं जास्त झाली आहेत. हे मी चिडून म्हणत नाही, रोज सकाळी दूध आणायला जाताना वाचून म्हणते. कोपऱ्यावरच्या डिजिटल बोर्डावर 'युवा नेतृत्व', त्याला खेटून 'झुंजार नेतृत्व' आणि विजेच्या खांबाला तारेनं आवळलेलं 'उगवतं नेतृत्व'. या उगवत्याचा मुलगा माझ्या हाताखाली शिकला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, तरी बाप अजून उगवतोच आहे.

मी शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाले, पण पेठेनं मला निवृत्त केलं नाही. कुणाचा वाढदिवस आला की तालमीची पोरं मोबाइलमध्ये बोर्डाचा मजकूर घेऊन दारात उभी. "बाई, जरा शुद्धलेखन बघा की. मागच्या टायमाला 'हार्दिक'ची वेलांटी चुकली, लोकं आठवडाभर हसत हुती." मी वेलांट्या नीट करून देते. अर्थ तपासून द्या असं मात्र अजून कुणी म्हणालेलं नाही.

माझं दुखणं वेगळंच आहे. नेतृत्व हा गुण आहे, माणसात असला तर असतो. इथे माणूसच नेतृत्व होऊन बसतो. मी इतकी वर्षं शिकवलं, पण 'ह्या आमच्या शाळेचं ज्येष्ठ शिक्षकत्व' असं म्हणून मला कुणी नारळ दिला नाही. हे सगळं मी आमच्या यांना बोलून दाखवते आणि ते पेपरातून मान न काढता 'हं' म्हणतात. ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत होते. तिथे एकदा लीडरशिपचं ट्रेनिंग झालं होतं. सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं आणि सांगितलं, डोळे मिटून मागे पडा, तुमचा सहकारी तुम्हाला धरेल, याला विश्वास म्हणतात. हे पडले. धरायचं ज्याच्याकडे होतं तो चहा आला म्हणून गेला होता. तेव्हापासून नेतृत्व हा शब्द ऐकला की यांचा हात आपोआप कमरेवर जातो.

तर अशा घरात एके दिवशी दिवाळीच्या आधी आमच्या पेठेचे भावी नगरसेवक आले. भावी हे त्यांचं मी ठेवलेलं नाव नाही, त्यांच्या गाडीवर तसं लिहिलेलं आहे. पेठ त्यांना दादा म्हणते. माझ्या वर्गात हा दादा मॉनिटर होता. मी वर्गाबाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, एवढंच त्याचं काम. तो ते मन लावून करायचा, आणि ज्यानं बोरं दिली त्याचं नाव मी येण्याआधी पुसायचाही.

"बाई, पाडव्याला पार्टीचं साहेब येणार हाईत," तो खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाला. "म्हशी बघायला. त्येच्या आधी तुमचं भाषण ठेवायचं ठरलंय."

"माझं? कशावर?"

"नेतृत्वावर. त्यो शब्द कुटनं आला, त्येचा अर्थ काय, समदं. साहेबास्नी असल्या गोष्टींची आवड हाय."

"आणि तू काय करणार?"

"मी स्टेजवर असणार की. लोकांनी अर्थ तुमच्याकडनं ऐकायचा आन् बघायचं माझ्याकडं."

इतकी स्वच्छ मांडणी मी एकाही भाषणात ऐकली नव्हती. मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. निवृत्त शिक्षिकेला शब्दाचा उगम विचारणारं माणूस कुठे मिळतं?

बाहेरच्या वाचकासाठी पाडव्याचं सांगायला हवं. आमच्याकडे दिवाळीत म्हशी नटतात. त्यांना धुऊन, भादरून, तेल चोपडून, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून रस्त्यावर आणतात. मग मालक मोटरसायकलचा सायलेन्सर काढतो, गाडी फाडफाड करत पुढे आणि म्हैस तिच्यामागे मोकळी पळत. दावं नाही, काठी नाही. गर्दी, हलगी, गुलाल, कशालाही न बुजता ती आपल्या माणसाच्या मागे जाते. आमच्या पेठेत यात एक जास्तीची अट आहे. गाडीवरच्यानं मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर दंड वगैरे नसतो, पण पुढच्या पाडव्यापर्यंत जो तो विचारत राहतो, "काय पावणं, भरवसा न्हवता व्हय म्हशीवर?"

या खेळात आमच्या गल्लीतल्या मामांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मामा म्हणजे आमचे गवळी. आमच्या घराला लागून त्यांचा गोठा, आणि गोठ्यात इतर म्हशींबरोबर ती एक, दर पाडव्याला मामांच्या मागे पळणारी. तिला नाव होतं, पण या लेखात माणसांचीच नावं नाहीत, तेव्हा तिनंही राग मानू नये. मामांची मोटरसायकल त्यांच्या लग्नातली. ती सुरू झाली की आमच्या कपाटातल्या कपबशा वाजायच्या आणि गोठ्यात म्हैस कान टवकारायची. मामांनी कधी मागे वळून बघितल्याचं मला आठवत नाही. मामी म्हणायच्या, "माझ्याकडं बी बघत न्हाईत, तिच्याकडं काय बघत्यात."

त्या वर्षी मामांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. भर वस्तीत गोठा नको म्हणून हलवायची नोटीस आली होती. पेठेतल्या नव्या इमारतीतल्या लोकांना शेणाचा वास येत होता. ताजं दूध त्यांना हवं होतं, पण ते म्हशीपासून येतं ही गोष्ट त्यांना दारात नको होती. मामा सकाळ-संध्याकाळ दाराशी बसून रस्त्याकडे बघत. "बाई, ह्यो गोठा माझ्या आज्ज्यापासनं हाय. हितनं उठलो तर मी करू काय?" असं त्यांनी मला एकदा विचारलं. व्याकरणाचं असतं तर मी उत्तर दिलं असतं.

दादानं उत्तर दिलं. साहेब एक फोन करतील आणि नोटीस थंड्या बस्त्यात जाईल. फक्त पाडव्याला साहेबांच्या स्टेजसमोर ती म्हैस दादाच्या मागून पळत आली पाहिजे. "मामा, माझ्या मागं पब्लिक हाय हे साहेबास्नी ठावं हाय. पर म्हैस आली की इषयच संपला."

मामांना ते पटलं की नाही कोण जाणे. पण गोठा वाचणार म्हटल्यावर त्यांनी होकार दिला आणि तालीम सुरू झाली. सकाळी सकाळी दादा मामांचा घामट शर्ट अंगावर चढवून, मामांच्या खटाऱ्यावर बसून गल्लीतून निघायचा. खिशात सरकी पेंड. म्हैस आधी चार पावलं जायची आणि मामांकडे बघत थांबायची. मामा भिंतीआड लपायचे. एवढा मोठा माणूस, म्हशीपासून लपून भिंतीला चिकटलेला, आणि मामी दारात उभं राहून हसायच्या. हळूहळू ती जाऊ लागली. पेंड, शर्ट आणि त्या गाडीचा आवाज, तिन्ही एकत्र असलं की ती दादाच्या मागे जायची. दादा उतरल्यावर तिच्या कपाळावर थाप मारून म्हणायचा, "ओळखाय लागली बघा मला." म्हैस त्याचा खिसा हुंगत असायची.

इकडे मी कोश उघडून बसले होते. आपल्याकडे पुढे चालणाऱ्याला म्होरक्या म्हणतात, आणि बैलाच्या तोंडाला बांधतात ती म्होरकी. एकाच घरातले शब्द असावेत असं मला नेहमी वाटत आलं आहे. पुढारी म्हणजे पुढे असणारा, मग मागे कुणी असो वा नसो. शब्दानं तशी अट घातलेली नाही. आणि नेता संस्कृतातल्या 'नी' या धातूवरून आला. नी म्हणजे नेणं, घेऊन जाणं. नायक त्याच घरचा, आपला नाईक त्याच घरचा. नीतीसुद्धा तिथलीच, पण तिचं आणि नेत्याचं येणंजाणं बंद आहे. विनय हा त्यांचा सख्खा भाऊ, लहानपणीच घर सोडून गेलेला. अभिनय मात्र अजून एकत्र राहतो. इंग्रजीतल्या लीडरचं मूळ शोधलं तर तिथेही वाटेनं घेऊन जाणं हाच अर्थ निघतो. म्हणजे साता समुद्रापलीकडच्या माणसांनीही हाच विचार केला होता की कुणीतरी कुणालातरी कुठेतरी नेतो. कुठे नेतो, हे कुठल्याही कोशात सापडलं नाही.

मी आमच्या यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "शेवटचा भाग वगळ. मामांचा गोठा अडकलाय." मला राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. मी अभिनय ठेवला आणि बाकीचं थोडं मऊ केलं.

पाडव्याच्या दिवशी चौकात स्टेज, स्टेजवर सोफा, सोफ्यावर पांढरा टॉवेल. साहेबांची गाडी अजून यायची होती. सूत्रसंचालक म्हणाला, बाई, उरका. मी उभी राहिले आणि बोलायला लागले. समोर हलगी तापवणं चाललं होतं, पोरं म्हशींच्या शिंगांना मोरपिसं बांधत होती. तरी पुढच्या रांगेतल्या दोन बायका मन लावून ऐकत होत्या, नंतर कळलं की त्या चुकीच्या कार्यक्रमाला आल्या होत्या. मी नायकावरून विनयावर आले, विनयावरून अभिनयावर आले आणि तेवढ्यात सायरन वाजला. सूत्रसंचालकानं माझ्या हातातून माईक असा काढून घेतला की नेणं या धातूचा अर्थ सगळ्या सभेला एकदम कळावा. साहेब आले, हार घातले गेले, मला सोफ्याच्या मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. तिथून रस्ता चांगला दिसत होता, म्हणून मी तक्रार केली नाही.

रस्त्याच्या त्या टोकाला आमची गल्ली. तिथे मामांची म्हैस उभी होती. काय दिसत होती! काळ्या कातड्यावर तेल चमकत होतं, शिंगांना गुलाबी रंग, पायात चाळ. आणि तिच्या पुढे दादा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, नव्या कोऱ्या जाडजूड मोटरसायकलवर. हँडलच्या पुढे त्याचाच फोटो बांधलेला. मामांचा शर्ट नाही, मामांची गाडी नाही.

तिथे काय बोलणं झालं ते मला मामींनी नंतर सांगितलं. मामा म्हणाले, "दादा, गाडी माझीच घ्या. ती आवाजावर येती, तोंडावर न्हाय." दादा म्हणाला, "मामा, साहेबांच्या म्होरं ह्या खटाऱ्यावर जाऊ व्हय? महिनाभर मी तिला खायला घातलंय. आता ती मला ओळखती." आणि नव्या गाडीचा सायलेन्सर काढून टाकलेलाच होता, आवाज मामांच्या गाडीपेक्षा मोठा होता. दादाला वाटलं, मोठा आवाज म्हणजे झालं.

गाडी सुटली. दादानं एक हात वर केला, मान ताठ केली आणि पेठेचा नियम पाळून मागे वळून बघितलं नाही.

म्हैस जागची हलली नाही.

स्टेजवरून हे सगळं स्वच्छ दिसत होतं. दादा एकटाच रस्त्याच्या मधोमध येतोय, हात हलवतोय, दोन्ही बाजूंनी लोक ओरडतायत, पोटं धरून हसतायत, मोबाइलवर काढून घेतायत, आणि दादाला तो सगळा जयजयकार वाटतोय. त्यानं वेग कमी केला, म्हशीला धाप लागू नये म्हणून. कुणीतरी "नाद खुळा!" म्हणून शिट्टी मारली, तर त्यानं त्याला नमस्कार केला. मला हसू आवरेना, आणि दुसऱ्याच क्षणी गोठा आठवला आणि हसू गेलं.

मामांनाही तोच आठवला असणार. त्यांनी धावत जाऊन आपला खटारा काढला आणि किक मारली. तो आवाज झाल्याबरोबर म्हैस उसळली. मामा पुढे, म्हैस मागे, चाळ वाजतायत, माळा उडतायत, साऱ्या रस्त्यानं वाट करून दिली. मामांचा हिशेब सरळ होता, काहीही करून म्हैस दादाच्या मागोमाग स्टेजपर्यंत पोचवायची. पण पळती म्हैस थोडीच मंत्र्यासंत्र्यांचा क्रम पाळते? स्टेजच्या अलीकडेच मामा आणि म्हैस दादाला ओलांडून पुढे गेले आणि साहेबांसमोर येऊन उभे राहिले. चौक दणाणला. मग दादा पोचला. मग दादानं मागे वळून बघितलं.

साहेब हसून हसून लाल झाले होते. टॉवेलनं डोळे पुसत त्यांनी शेजारच्याला विचारलं, "ह्यो कोण गडी?" शेजारच्यानं सांगितलं. साहेब म्हणाले, "मागं कुत्रं न्हवतं, तरी एवढा हात हलवत आला. ह्येला काय मरण न्हाय. तिकीट ह्येलाच द्या." मी खुर्चीत होते तिथून हे शब्द मला नीट ऐकू आले. माझ्या अख्ख्या भाषणात नव्हता तो अर्थ साहेबांनी उभ्या उभ्या सांगून टाकला होता.

तिकीट दादाला मिळालं. मामांना काय मिळालं ते सांगते. दुसऱ्या दिवशी मामा पेढे घेऊन गेले आणि म्हणाले, "दादा, तेवढं गोठ्याचं…" दादा मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, "मामा, तुमी चौकात माझी इज्जत काढली." मामांनी सांगून बघितलं, ती मागं राहिली असती तर तुमचंच हसं झालं असतं. पण झालेलं हसं मामांच्या नावावर पडलं होतं. "बघतो," दादा म्हणाला. पेठेत 'बघतो' म्हणजे काय, हे कळायला माझी गरज नाही.

मी स्वतः गेले. मॉनिटर होता म्हणून कान धरता येईल असं वाटलं. त्यानं मला पाया पडून बसवलं, चहा दिला आणि साहेब दौऱ्यावर आहेत म्हणून सांगितलं. साहेब परत आले तेव्हा दादा दौऱ्यावर होता.

नोटिशीची मुदत संपत आली तेव्हा पोरं नव्या बोर्डाचा मजकूर घेऊन माझ्याकडे आली. तिकिटाबद्दल अभिनंदनाचा बोर्ड. 'झुंजार' वापरून झालंय, 'कणखर' पलीकडच्या पेठेनं घेतलंय, बाई, काहीतरी नवीन द्या. मी रागानं धुमसत होते. म्हटलं, लिहा, 'कधीही मागे वळून न पाहणारं नेतृत्व'. मला वाटलं, लाजतील. पोरांनी एकमेकांकडे बघितलं आणि एक म्हणाला, "बाई, जाळ अन् धूर संगटच!" दोन दिवसांत तो बोर्ड लागला. चांगली रुंद भिंत हवी होती, म्हणून मामांच्या गोठ्यावरच लागला.

त्याच बोर्डाखालून मामा गोठा सोडून गेले. बाकीच्या म्हशी सकाळी टेम्पोतून शिरोलीच्या पलीकडे मेव्हण्याच्या रानात पोचल्या होत्या. हिला मात्र मामा टेम्पोत घालायला तयार नव्हते. "ती माझ्या मागनं येईल," म्हणाले. मामी मागच्या सीटवर मांडीत दुधाची किटली घेऊन बसल्या. मामांनी किक मारली, माझ्या कपाटातल्या कपबशा वाजल्या, आणि ती निघाली. पाडव्यासारखीच निघाली. तिला कुठे ठाऊक होतं? गल्ली दारात येऊन उभी होती. नव्या इमारतीतले लोकही गॅलरीत आले होते. मला रडू येत होतं आणि ते दडवावं असं मला वाटलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी मामांनी गाडी थांबवली आणि मागे वळून बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी म्हशीकडे बघितलं नाही, तिच्यावरून पलीकडे, गोठ्याच्या रिकाम्या दाराकडे बघितलं. म्हैस थबकली. मामांचं तोंड कुठे आहे ते बघून ती सावकाश वळली आणि त्यांच्या नजरेच्या वाटेनं परत चालत जाऊन गोठ्याच्या दारात उभी राहिली.

मामांनी हाका मारल्या, गाडी फाडफाड वाजवली, खिशातली पेंड दाखवली. ती आली नाही. ती घरी पोचली होती.

शेवटी मामा उतरले. गाडी मामींनी धरली. मामा गोठ्यात गेले, खुंट्याला राहिलेलं जुनं दावं सोडून आणलं आणि रस्त्यावर, सगळ्या पेठेदेखत, तिच्या गळ्यात बांधलं. मग ते तिला ओढत शिरोलीच्या रस्त्यानं पायी घेऊन गेले.